वर आलेला एक हात

“डोळे मिटा,” पाळक म्हणाले, “आणि कुणी कुणाकडे डोकावू नका. मी डोकावणार आहे, तेवढं पुरे.”

बाकांवर थोडं हसू पसरलं, मग माना खाली गेल्या. पियानोमावशी हळू वाजवत राहिली. मूक प्रार्थनेला मागे सूर हवा, हा या छोट्याशा चर्चमध्ये तिनेच पाडलेला पायंडा. आजची प्रार्थना तिच्याचबद्दल होती, एवढाच फरक.

“मावशींची बोटं हल्ली अडखळतात. त्याही हे जाणतात,” पाळक सांगत होते. “काहींचं म्हणणं, आता रेकॉर्ड केलेली गीतं लावावीत. तर मावशींनीच वाजवत राहावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी हात वर करा.”

सूर चालू राहिला. कुणीतरी खोकलं. कुणाचा तरी बाक करकरला.

“झालं. हात खाली घ्या.” पाळकांनी चष्मा काढून पुसला. पियानोकडे न बघताच ते म्हणाले, “एक हात वर होता. कुणाचा, ते मी कधीच सांगणार नाही.”

एक. तरीही शेवटचं गीत मावशीने वाजवलं, सगळी कडवी वाजवली आणि झाकण हलकेच लावलं.

पियानो सुटला, हे एक वेळ तिने सोसलं असतं. सांधे सुजतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण याच लोकांच्या लग्नांना ती वाजवत आली होती, मयतांना वाजवत आली होती. आता पुढच्या रविवारी त्यांच्यातच बाकावर जाऊन बसायचं, तर आपलं म्हणावं असं तिथे कोण आहे, हे तिला कळायला हवं होतं. नाहीतर जाऊच नये, असं तिच्या मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली. ती दवाखान्यात नर्स होती, ड्यूटीवरून थेट आलेली.

“अगं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझा,” चप्पल काढता काढताच ती म्हणाली. “हे बघ, कुणाजवळ बोलू नकोस. पण तो हात माझा होता.”

“तुझा?”

“मग कुणाचा असणार? माझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला ताप अंगावर घेऊन वाजवलंस तू. इतकी का मी कृतघ्न आहे?”

“नाही गं,” मावशी म्हणाली. “चहा टाकते, बैस.”

बुधवारी पाळकबाई आल्या. त्यांनी आधी मावशीची बोटं हातात घेऊन हळहळ केली, मग आवाज खाली आणला.

“नवरा समोर उभा असताना त्याच्याविरुद्ध हात वर करायचा म्हणजे काय असतं, ते माझं मला माहीत. पण केला मी. म्हटलं, होऊन जाऊ दे!”

“घरी काही बोलले का ते?”

“छे! त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.”

मावशीने त्यांनाही चहा दिला.

शुक्रवारी ती आपली गीतांची पुस्तकं आणायला चर्चमध्ये गेली. सुतार भिंतीवर स्पीकरसाठी फळी ठोकत होता. हा माणूस तिच्याशी धड बोलायचा नाही. गाताना मात्र त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

“मावशी, गोड बोलायला मला जमत नाही,” तोंडातला खिळा काढून तो म्हणाला. “माझा हात खाली होता. गेले काही महिने तुमच्यामागे गाताना आमची नुसती फरफट होते.”

“ऐकू येत होतं मला.”

“राग आला?”

“आला. पण बरंही वाटलं.”

त्याने हातोडी खाली ठेवली. “तो एक हात कुणाचा, लागला पत्ता?”

“दोघींनी येऊन सांगितलं, माझा म्हणून.”

“वा! एका हाताला दोन धडं!” तो खो खो हसला. मग तिचा चेहरा बघून जरा वरमला. “म्हणजे एक जण थाप मारतेय. पण दुसरी तर तुमची आहे ना?”

मावशीने पुस्तकांवरची धूळ पदराने पुसली आणि ती निघाली.

शनिवारी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, “उद्या मी येऊ की नको, काही कळत नाही. कुणाशेजारी बसू?”

“माझ्या शेजारी. विचारतेस काय!” तो म्हणाला. आठवडाभर तो या विषयावर गप्प होता. आता त्याने घास खाली ठेवला. “तुला सांगणार नव्हतो मी. उगाच उपकार केल्यासारखं वाटतं. तो हात माझा होता.”

मावशी वाढता वाढता थांबली. “अहो, खरं?”

“खरं म्हणजे? त्या दिवशी खांदा इतका ठणकत होता, तरी पाळक म्हणेपर्यंत खाली घेतला नाही मी. घेऊ शपथ?”

“नको,” ती हळूच म्हणाली. “शपथ घेऊ नये माणसाने.”

“मग? पटलं ना आता, तुझं कोण आहे ते?”

“हो,” ती म्हणाली, “पटलं,” आणि त्याच्या ताटात तिने आणखी थोडं वाढलं.

त्या प्रार्थनेच्या वेळी ती एकट्या डाव्या हाताने वाजवत होती. उजवा तिने वर केला होता.