पुढचं कडवं

"ते गाणं सोडून काहीबी धर," पेटी उघडता उघडता भगवंतमामांनी आदेशच्या कानात सांगितलं. "ते निघालं तोंडातनं, तर ही पेटी डोक्यात घालीन."

आदेशनं मुकाट मान हलवली. सुदर्शन गेल्यावर त्याच्या घरात ही पहिलीच प्रार्थनासभा. तिथं ते गाणं म्हणायला तो काही खुळा नव्हता.

गाणं मात्र त्याचंच. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून बसनं येता येता मोबाइलवर लिहिलेलं. महिन्याभरात जुन्नरपासून घोडेगावापर्यंत अशी एक ख्रिस्ती मंडळी उरली नाही, जिथं ते वाजलं नाही. ओतूरच्या एका कोंबड्यानं तर म्हणे पहाटेची बांग सोडून त्याचीच चाल धरली. धृपद असं:

साप-विंचू तुडवीत चाललो आम्ही,
काही न होई आम्हां, काही न होई!

मामांना ते पहिल्या रविवारपासून खुपत होतं. चाळीस वर्षं मंडळीची पेटी वाजवलेला माणूस. आठ-आठ कडव्यांची जुनी गीतं तोंडपाठ. "'काही न होई' सोळा येळा," त्यांनी आदेशला गाठून ऐकवलं होतं. "मी मोजलंय. देवाचं नाव एकदाच, ते बी तुमी दम घ्यायला थांबता तिथं. आन् लेका, आपण मळ्यातली माणसं. बॅटरीबिगर अंगणात पाय टाकत न्हाई, आन् उपासनेत साप तुडवतोय व्हय?"

"मामा, पवित्र शास्त्रात आहे ते."

"शास्त्रात त्याच्या मागं-पुढं बी लई काही हाय. तू तेवढंच उचललंस."

आदेश हसला होता. सुदर्शन त्याच्यापेक्षा जास्त हसला होता, कारण धृपदाला सगळ्यात मोठा आवाज त्याचा असायचा.

मग गेल्या महिन्यात, भरदिवसा, उसाला पाणी देताना सुदर्शनला घोणस चावली. तीन दिवस त्यानं दवाखान्यात काढले. चौथा निघाला नाही.

आपलं म्हणणं अशा रीतीनं खरं ठरलं, तर माणसाला आनंद होऊ नये. मामांना झाला नव्हता. चिमूटभर झाला असेल, तर तो त्यांनी त्याच रात्री गुडघे टेकून कबूल केला होता.

आज घरात पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीनं बसली होती, ती एकाच आशेनं. सुदर्शनची बायको मोहिनी महिनाभर उपासनेला फिरकली नव्हती. तिच्या तोंडून एखादी ओळ निघावी, एवढंच सगळ्यांना हवं होतं. मामांनी स्वर्गातल्या घराचं जुनं गीत धरलं. बायका पदर डोळ्यांना लावून म्हणत होत्या. मोहिनी भिंतीला टेकलेली, ओठ मिटलेले. दुसरं गीत झालं. तिसरं झालं. ओठ तसेच.

"आदेशभाऊ," ती एकदम म्हणाली, "ते म्हणा की. ह्यांचं लई आवडीचं व्हतं."

सगळ्या माना आदेशकडं वळल्या.

"वहिनी, आज ते नको..."

"का? खोटं हाय?"

आदेशनं मामांकडं पाहिलं. वर्षभर हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून टपून बसलेले मामा पेटीच्या पट्ट्या न्याहाळत राहिले. मग त्यांनीच हळूच सूर दिला.

पहिलं कडवं आदेशनं कसंबसं काढलं. धृपद आलं, सापाची ओळ आली, आणि तिसांतलं एकही तोंड उघडेना. आदेशही थांबला. पेटी तेवढी चालू होती. तेव्हा मोहिनी म्हणाली. गायली नाही, नुसती म्हणाली, "काही न होई आम्हां." आणि थांबली.

"हितं अडकते मी," ती म्हणाली. "रोज. भांडी घासताना, शेण काढताना. हितवर येते आन् पुढं काय न्हाईच. मग परत पहिल्यापासनं."

"चुकलं माझं, वहिनी. ती ओळ मी काढून टाकतो."

"काढू नका. ह्यांनी म्हणलीय ती." तिनं डोळे पुसले नाहीत, पुसण्यासारखं काही नव्हतंच त्यांत. "त्याच्यापुढचं लिवा. आमी तुडवला, तरी तो चावला. तिथनं पुढं."

मोहिनी मामांकडं वळली. "तुमच्या जुन्यात असंल, तर तुमी सांगा, मामा."

मामांनी डोळे मिटले. चाळीस वर्षांची गीतं कडव्यामागून कडवं चाळली. तिसऱ्या कडव्यात संकट होतं, चौथ्यात थेट स्वर्गातले सोन्याचे रस्ते. मधले दवाखान्यातले तीन दिवस कुणीच लिहिले नव्हते.

"न्हाई, पोरी," ते म्हणाले. "माझ्याकडं बी न्हाई."

मोहिनी भिंतीपासून उठली. सतरंजीवर त्या दोघांसमोर येऊन बसली, मांडी घालून.

"मग लिवा दोघं मिळून," ती म्हणाली. "मला काय घाई न्हाई."