अस्तर

सुनेने हॉलला पडदे लावले, बेडरूमला लावले, मोरीच्या झरोक्यालासुद्धा झालर लावली. सासूच्या खिडकीला मात्र काही नाही.

सासूची खोली म्हणजे काचा ठोकून बंद केलेली गॅलरी. पहिला मजला, खाली रस्ता, समोर बसचा स्टॉप. स्टॉपवर उभ्या माणसाला दुसरा उद्योग नसतो, तो वर बघतो. वर्षभर सासू कपाटाचं दार उघडून त्याच्या आडोशाला कपडे बदलत होती. एकदा अंदाज चुकला. स्टॉपवरच्या एका भल्या माणसाने पटकन मान फिरवली. तो बघत राहिला असता तरी तिला एवढं लागलं नसतं.

त्या दिवशी जेवताना तिने पुन्हा पडद्यांचा विषय काढला.

"तुम्हाला कशाला हवेत पडदे, आई?" सून म्हणाली. "या वयात तुमच्याकडे बघणार आहे कोण?"

आणि हसली. पोटचा लेकही ताटातून मान वर न करता फिसकन हसला.

सासू काही बोलली नाही. ती बोलत असे तोवर घरात कुणाला धोका नसे. गप्प बसली की भांड्यांनीसुद्धा सावध व्हावं. पण भांड्यांइतकी अक्कल त्या दोघांना नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने सुनेकडे दोन जुन्या चादरी मागितल्या. सून मोठ्या मनाची झाली. "घ्या की! आणि माळ्यावरचं ते फडक्यांचं गाठोडंही न्या. मला काही नको त्यातलं."

"काही म्हणजे काही नको?"

"काही नको हो. जाळलंत तरी चालेल."

सासूने दोनदा विचारलं होतं. आता तिच्यावर बोल नव्हता.

सुईत दोरा ओवण्याएवढी नजर राहिली नव्हती. म्हणून तिने दुकानातून इस्त्रीने चिकटणारी जाळीदार पट्टी आणली. स्वस्तात मिळाली. दुकानदार म्हणाला, "आजी, इस्त्री घासायची नाही. वर ओलं फडकं ठेवायचं आणि दाबून धरायची." इतकी वर्षं सगळं दाबूनच धरलं होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

जमिनीवर घोंगडी अंथरली. चादर फरशीच्या रेघेला लावून सरळ केली. वरची कड दुमडून, चिकटवून नेफा केला, त्यातून स्प्रिंगची तार जाईल एवढा. चादर फिक्या हिरव्या रंगाची, पण धुऊन धुऊन विरलेली. दिव्यापुढे धरली तर पलीकडचा हात दिसत होता. असल्या पडद्याआड दिवा लावून उभं राहायचं म्हणजे स्टॉपवाल्यांना सावल्यांचा खेळच. अस्तर लागणारच होतं. चादरीची चांगली बाजू खोलीकडे, अस्तर काचेकडे. असाच असतो पडदा, कुणालाही विचारा.

तिने गाठोडं सोडलं.

रविवारी सुनेच्या ऑफिसातली मंडळी यायची होती. सकाळी सासूने पडदे टांगले आणि चुण्या घालून एका बाजूला सारून ठेवले. सून घाईघाईत डोकावली आणि थबकली.

"अय्या! आई, कसले सुंदर झालेत! आणि एकही टाका नाही?"

"एकही नाही."

"अस्तर कशाचं?"

"घरातलंच आहे, बाई. विकत कुठून आणू?"

सून खूश झाली. इतकी खूश, की फोनवर पाहुण्यांना पत्ता सांगताना म्हणाली, "स्टॉपवर उतरा आणि समोर पहिल्या मजल्यावर बघा. नवे पडदे दिसतील ना, तेच आमचं घर. नाही हो, चुकायचं नाही. बघितलं की कळेल."

मग ती त्यांना आणायला खाली गेली. वर सासूने पडदे नीट ओढून घेतले.

बस आली. मोठ्या मॅडम उतरल्या, मागून चौघीजणी उतरल्या. सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे वर बघितलं आणि बघतच राहिल्या. सुनेनेही वर बघितलं.

काचेला लागून, कडक इस्त्री केलेली, चुणीसुद्धा नसलेली तिची गुलाबी मॅक्सी पसरली होती. काखेतली फाटकी शिवण झकास उजेडात. शेजारी नवऱ्याची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, बसायच्या जागी भोक, भोकातून चादरीचा हिरवा रंग डोकावत होता. इलॅस्टिक गेलेला परकर. जाळी झालेले दोन बनियन. आणि अगदी मधोमध, छातीवर ऑफिसचं नाव छापलेला टी-शर्ट. गेल्या वर्षी बक्षीस म्हणून मोठ्या मॅडमनी स्वतःच्या हाताने दिलेला. त्याने स्वयंपाकघराचा ओटा पुसून झाला होता. डाग दिसत होते.

स्टॉपवर कुणीतरी खोकलं. कुणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. मोठ्या मॅडमनी हळूच मान फिरवली.

सून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आली. नवरा काय झालं विचारत मागे धावला. तिने सासूच्या खोलीचं दार ढकललं.

सासू धुतलेले कपडे घालून खोलीच्या मधोमध उभी होती. भर उजेडात, सावकाश केस विंचरत. कपाटाचं दार बंद होतं.

"आई! काढा ते! आधी काढा! अख्खा रस्ता बघतोय!"

सासूने फणीतला केसांचा गुंता काढला, बोटाला गुंडाळला. सुनेकडे बघितलं, मग तिच्या मागे उभ्या लेकाकडे बघितलं.

"बघतोय ना? बघू दे. वर्षभर मला बघत होता, आता तुम्हाला बघेल. पडदा इथून हलायचा नाही."