जर्मनचं भगुनं

डबा रिकामा होता.

मंजुषाने झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. तळाला चिमूटभर चकचकीत चुरा, बाकी काही नाही. बाहेर तिच्याच अक्षरात ‘ॲल्युमिनियम’ अशी चिठ्ठी. काल भट्टीवाल्या आश्रुबांनी विचारलं तेव्हा चिठ्ठी वाचूनच तिने ‘आहे’ म्हणून सांगितलं होतं.

परभणीच्या एमआयडीसीतल्या या लहानशा फाउंड्रीत केमिस्ट म्हणून तिचा दुसरा महिना चालू होता. भट्टीत तीनशे किलो पोलाद वितळून तयार, शेजारी साखर कारखान्याच्या दातेरी चाकाचा साचा तयार. वितळलेल्या पोलादात प्राणवायू मुरलेला असतो. ओतायच्या आधी ॲल्युमिनियम घातलं की ते तो ओढून घेतं. नाही घातलं तर पोलाद थिजताना आत वायू उसळतो आणि चाक पावासारखं जाळीदार होतं. वरून काही कळत नाही. कळतं ते ऐन गाळपात दात तुटल्यावर.

“मामा, बाजारातून आणायला किती वेळ लागेल?”

“जाऊन यून तासभर.” आश्रुबा तीस वर्षं भट्टीपुढे उभे होते. “भट्टी थांबल हो. पन तवर ते आनखी हवा पीत बसंल.”

“माझीच चूक झाली. मी झाकण उघडून बघितलं नाही.”

“आता उघडलं ना? फुडचं बोला.”

ती दाराशी आली. गेटजवळ आश्रुबांची बायको, सरजाबाई, चहा उकळत होती. मंजुषा स्टोव्हवरच्या पातेल्याकडे बघतच राहिली.

“मामा, मावशींचं भगुनं कशाचं आहे?”

“जर्मनचं.” जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमच, हे बोलून झाल्यावर आश्रुबांच्या ध्यानात आलं. त्यांनी रुमालाने मान पुसली. “भट्टीफुडं मी हुबा ऱ्हातो, मॅडम. तिच्याफुडं तुमी ऱ्हावा.”

सरजाबाईने सगळं ऐकून घेतलं. चमचा फिरायचा थांबला नाही.

“म्हंजे माझं भगुनं जाळायचं.”

“जळणार नाही मावशी, विरघळेल.”

“लय फरक पडला.” तिने दाराकडे नजर टाकली. “आन् ह्यान्ला इचारायला तोंड न्हवतं का?”

आश्रुबा छताचे पत्रे न्याहाळत होते.

“आधी च्या संपवा समदे,” सरजाबाई म्हणाली. “च्या वतून द्यायचा न्हाई.”

सगळ्यांनी फुंकरा मारत, जिभा भाजून घेत चहा संपवला. सरजाबाईने राखेने भगुनं घासलं, विसळलं. ओला धातू पोलादात गेला तर स्फोट होतो, म्हणून मंजुषाने ते भट्टीच्या कडेला तापत ठेवलं आणि शेवटचा थेंब उडेपर्यंत हलली नाही. आश्रुबांनी घणाने ते चेपलं, हातात तोलून पाहिलं.

“पुरंल.”

तिने मान हलवली. भट्टीतला रस ओतायच्या मोठ्या पळीत उतरवला आणि आश्रुबांनी भगुनं लोखंडी गजाला बांधून त्या पांढऱ्याशुभ्र रसात खोल बुडवलं. लख्ख उजेड पडला, धूर उठला, मग रस शांत झाला.

चमचाभर रस काढून नमुन्याच्या वाटीत ओतला. फुगून वर आला तर वायू शिल्लक. मंजुषा वाटीवर वाकली. रसाचा पृष्ठभाग जरा थरथरला आणि मधोमध हळूच खळी पडली.

“ओता,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

साचा भरल्यावर सरजाबाई नाकाला पदर लावून दारात आली. “मंग आता माझं भगुनं त्या चाकात ऱ्हानार?”

“तर,” आश्रुबा म्हणाले. “कारखान्यात उसावर फिरंल ते.”

मंजुषाला गप्प बसता आलं असतं.

“चाकात नाही राहत, मावशी. प्राणवायूला धरून ते वर तरंगतं. मग मळासारखं काढून टाकतात.” तिने पळीजवळचा काळपट थर दाखवला.

आश्रुबांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की बस्स.

सरजाबाईने वाकून तो थर बघितला. मग तिला हसू आलं. “जलमभर मी त्याला घासलं. आज त्यानं दुसऱ्याला घासलं म्हनायचं.”

मंजुषाने भट्टीचं रजिस्टर ओढलं. तापमान लिहिलं, वेळ लिहिली. ‘ॲल्युमिनियम, ग्रॅम’ या रकान्यापाशी पेन अडलं. वजन करायचं राहूनच गेलं होतं.

“मावशी, भगुनं किती वजनाचं होतं?”

“वजन कोन करून बघतंय, बाई? बारा कप च्या व्हायचा त्यात.”

मंजुषाने पट्टी धरून ‘ग्रॅम’ या शब्दावर सरळ रेघ मारली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, बारा कप.