हंसाबाईंचा होकार

"बोल म्हन तिले. मी आयकून राह्यली, एवढंच. बोलीन असं म्या कबूल नाई केलं."

हंसाबाईंनी मुलाला, रूपसिंगला, असे सुनावले आणि त्या बाजेवर पाठ ताठ करून बसल्या. समोरच्या स्टुलावर यवतमाळहून आलेल्या साहेबांनी एक काळा डबा मांडला होता. त्यातून खरखर येत होती.

"एवढा डबा कायले? मोबाईल काय मेला?"

"तिकडं रेंज नाई, याडी," आईची नजर चुकवत रूपसिंग म्हणाला.

अंगणात सारा तांडा जमला होता. ढाणकीचा बाजार असूनही कोणी बाजाराला गेले नव्हते. हंसाबाईंना त्याचे नवल वाटले नाही. त्यांच्या तोंडचा शब्द ऐकायला माणसे गोळा होतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. शिवाय गेल्या आठवड्यापासून घरचा टीव्ही बिघडलेला. लोकांना दुसरी करमणूक तरी कुठली?

त्यांची नात, रूपसिंगची मुलगी वर्षा, बंगळूरला अंतराळवीर होण्याचे शिक्षण घेत होती. चंद्रावर जाणाऱ्यांत तिचे नाव निघाले, तेव्हा हंसाबाईंनी तिला उंबऱ्यातच अडवले. थोरल्या बाईच्या होकारावाचून या घराण्यातले कोणी लांबच्या वाटेला लागत नसे. बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घालणाऱ्या पूर्वजांपासूनचा तो दंडक होता. हंसाबाईंनी होकार दिला नाही. वर्षा गेली, ती पुन्हा आली नाही. तिचे नाव घरात काढायचे नाही, अशी आज्ञा झाली आणि ती पाळलीही गेली.

आज सकाळी मात्र रूपसिंगने पाय धरले होते. "एकदा हो म्हन, याडी. तू नाई म्हनली, त पोरगी तशीच माघारी फिरंल."

फिरू दे, असे हंसाबाई मनात म्हणाल्या होत्या.

"दादी, रामराम." डब्यातून आवाज आला. घागरीत तोंड घालून बोलावे तसा.

"सर्दी झाली का तुले? एवढ्या धापा टाकत काहून बोलून राह्यली?"

उत्तर लगेच आले नाही. हंसाबाईंच्या कपाळावर आठी चढली. पूर्वी हीच पोरगी प्रश्न पुरा व्हायच्या आत तोंड उघडत असे.

"बरी हाये मी. कपडे जड हायेत थोडे."

"आपला घागरा नसता चालला त्यायले?"

पुन्हा तोच खोळंबा. "त्याले आरसे लय, दादी. साहेबायचे डोळे दिपतात."

अंगणात खसखस पिकली. हंसाबाईंनी नुसते पाहिले आणि ती विरली.

"तू हो म्हटल्याबिगर पाऊल टाकनार नाई, असं म्हनलं होतं मी," वर्षा म्हणाली. "अजून नाई टाकलं."

शब्द पाळणारे माणूस हंसाबाईंना आवडे, मग ते विरोधातले का असेना.

"माह्या सासऱ्यानं बैल इकून ही जमीन घेतली," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी आपल्या पायाखाली भुई नव्हती. दुसऱ्याचं मीठ वाहाचं, दुसऱ्याच्या गावाभाईर झोपाचं. आता कुठं भुई भेटली, अन् तू भुईच सोडून चालली. काय हाये तिथं? पानी?"

डबा खरखरला. "वाहतं नाई."

"चारा?"

"नाई."

"मानूस?"

"एक बी नाई."

"मंग कोनाचं ओझं वाहाले चालली तू?"

या वेळी शांतता फार लांबली. पोरगी हरली, असे हंसाबाईंना वाटले.

"या टायमाले आपलंच हाये, दादी."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि काही बोलण्यासाठी तोंड उघडले.

"साहेब, चहा घ्या," हंसाबाई म्हणाल्या. साहेबांनी मुकाट्याने कप तोंडाला लावला.

"तिथून आपला तांडा दिसते का?" हंसाबाईंचा आवाज नकळत खाली आला होता.

"तांडा नाई दिसत. ढाणकी नाई, यवतमाळ नाई. आख्खी धरती दिसते. तुह्या ओढनीवरच्या एका आरशाएवढी. निळी. बाकी समदा अंधार. तेवढ्यातच तू, बापू, वावर, बैल, सारं जग. पाह्यलं त तोंडातून शब्द नाई निघत, दादी."

हंसाबाईंनी ओढणीचा काठ डोळ्यांसमोर धरला. बोटाच्या पेराएवढा आरसा. त्यात अंगण मावले होते, कडुनिंब मावला होता, सारी माणसे मावली होती, वर आभाळाचा तुकडाही. एवढ्याशा काचेच्या भरवशावर सगळे निर्धास्त बसले होते. ज्या भुईसाठी त्या जन्मभर ताठ राहिल्या, ती भुईसुद्धा त्या अंधारात चालतच होती, कोणाच्या होकाराची वाट न पाहता. देवाखेरीज कुठे न लवणारा त्यांचा माथा आपोआप लवला.

त्या उठल्या. त्यांच्याबरोबर सारा तांडा उठला.

"जाय," हंसाबाई म्हणाल्या. "माघारी फिरू नको. वाट पाडाले आपल्या मानसायनं कधी कोनाची वाट नाई पाह्यली. हंसाबाईचा होकार हाये, सांग तुह्या साहेबायले."

रूपसिंग लहान पोरासारखा रडू लागला. हंसाबाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. होकार दिल्यावर कामे असतात, आणि ती त्यांच्यावाचून कोणाला सुचत नसत.

"आता सांग, कवा निघतं? नात एवढ्या लांब जाईन अन् मी येशीपर्यंत पोचवाले येनार नाई, असं होनार नाई. मी सोता येतो."

डबा कितीतरी वेळ नुसता खरखरत राहिला.

"मी त कवाचीच निघाली, दादी. शिडीच्या शेवटल्या पायरीवर उभी हाये. खाली चंद्र हाये."