भिंगरीच्या मापाचा पुतळा

भिंगरीचा ताप आज उतरला. तो कशाने आला हे एकाही डॉक्टरला सांगता आलं नव्हतं. आता कशाने गेला, हे विचारतंय कोण? सकाळपासून पोरगी बाबांच्या पावलांवर उभी राहून घरभर नाचत होती.

"अहो, दमेल ती!" आई शिलाई मशीनवरून ओरडली, पण हसू काही आवरेना.

आजारी लेकीला मापं द्यायला उभंसुद्धा राहवत नव्हतं. म्हणून आईने कपडे बेतायच्या पुतळ्याला कापूस गुंडाळून तो थेट भिंगरीच्या अंगाएवढा केला होता. आज त्याच्यावर नवा फ्रॉक चढवला.

"बरी झाल्याचं बक्षीस बरं का!" म्हणत तिने टाचणी उचलली आणि पाठीवरची चुणी सारखी करायला हात ठेवला.

हात चटकन मागे आला.

ऊन तर या कोपऱ्यात कधीच येत नव्हतं. सवयीने तिने उलटा पंजा पुतळ्याच्या मानेला लावला. मान फणफणली होती. कापूस घामाने ओला झाला होता.

भिंगरी नाचता नाचता थांबली. धावत येऊन तिने आईच्या हातातली टाचणी काढून घेतली.

"टोचू नकोस गं," ती हळूच म्हणाली. "आधीच अंग दुखतंय तिचं."