अधिक-उणे

"हे चिन्ह यात नाईच, सर," विशाखा म्हणाली.

शास्त्रज्ञ वामनरावांनी पेन्सिलीनं काढून दिलेलं ते चिन्ह ती सकाळपासून शोधत होती. अधिकचं चिन्ह, अन् त्याच्या पायाशी एक आडवी रेघ. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात नुकताच संगणक आला होता, आणि तो चालवायला बल्लारपूरची विशाखा. आलेख काढणाऱ्या यंत्राचं पेन कागदावर सरसर धावायचं. पण आकडे, इंग्रजी अक्षरं आणि अधिक-वजासारखी साधी चिन्हं सोडून त्याला दुसरं काही लिहिता येत नव्हतं.

आलेखात दोनच खांब होते. एक लुचई या गावठी भाताचा, दुसरा नव्या वाणाचा. लुचईचा उतारा हेक्टरी छत्तीस क्विंटल, नव्या वाणाचा चाळीस. उद्या नागपूरला बैठक होती. नवं वाण मंजूर झालं, तर येत्या हंगामात आसपासच्या जिल्ह्यांतले कास्तकार तेच बियाणं विकत घेणार होते.

"चिन्ह नसलं तर काय बिघडते, सर? आकडे तर साफ दिसून राह्यले."

"पाह्यजेच, बाई."

"मंग पेनानं काढून देऊ?"

"हातानं काढलेलं कोणी मनावर घेत नाई. यंत्रानंच काढलं पाह्यजे."

सर भारीच हट्टी, असं मनात म्हणत ती पुन्हा बसली. पहिल्या खेपेला रेघ पुढच्या आकड्यावर पडली. दुसऱ्या खेपेला शाई फुटली. शेवटी तिनं यंत्राला सांगितलं, अधिक लिही, एक घर मागं ये, तिथंच खाली रेघ ओढ. पेन पुढं गेलं, थबकलं, मागं सरकलं. चिन्ह उमटलं.

कागद घेऊन ती धावतच आली. लुचईच्या खांबावर ३६ ± ५. नव्या वाणावर ४० ± ५.

"आता तरी सांगा, याचा अर्थ काय?"

"पाचानं खाली येऊ शकते, नाईतर पाचानं वर जाऊ शकते. दोघाचंबी तसंच."

विशाखानं मनातल्या मनात हिशेब केला. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे नवं वाण लुचईपेक्षा सरस आहे, असं म्हणताच येत नाई?"

"नाई येत. चार क्विंटल तर नुसत्या भाताच्या बांधीच्या मातीनंबी वाढते."

विशाखानं टेबलावरचा आधीचा कागद उचलला. मग हळूच म्हणाली, "ज्यानं हे वाण काढलं, त्याची जिंदगी गेली असंल यात. बिनचिन्हाचा कागद तयारच आहे, सर. तोच न्या ना. बैठकीत कोणी इचारणार नाई."

"नाई इचारणार," वामनराव म्हणाले. त्यांनी चिन्हाचाच कागद नीट गुंडाळला आणि पिशवीत घातला.

"कोणी काढलं हे वाण, सर?"

"मीच."