वरची हवा

ऋजुताच्या पत्राला विश्वंभररावांनी उत्तर दिलंच नव्हतं. "अण्णा, शिखरावर जाणाऱ्यांना आता ऑक्सिजनचे सिलिंडर देत नाहीत, रक्तच बदलून देतात. पण मग आपल्या मिरजेची हवा सोसायची नाही, कायमचं वरच राहावं लागतं. तुम्ही नको म्हणालात तर थांबते."

लेकीला अडवणारे आपण कोण, या विचाराने त्यांनी लिहिलेला प्रत्येक कागद फाडला. शेवटी तिने रक्त बदललं. आता ती वरच्या तळावर चढाईची तयारी करत होती.

लेकीला भेटायला वर जाऊ का, असं विश्वंभररावांनी आज विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे हृदय घेऊन वर जायचं नाव काढू नका."

"एवढी पुस्तकं वाचलीत," त्यांच्या पत्नी सुमतीबाई रडत म्हणाल्या, "आणि पोरीला एक शब्द लिहवला नाही!"

विश्वंभररावांनी त्या जुन्या पत्राला उत्तर म्हणून पोस्टकार्डावर ‘नको’ एवढंच लिहिलं आणि ते पेटीत टाकून आले.